खांबेटी अक्षर

खांबेटे बाईंना आमच्या ड्रॉइंग ऑफिसात सगळे घाबरत, आणि मला विचाराल तर ते बरोबरच होतं. माणूस खुर्चीत कसा टेकतो, पेन्सिलीला टोक कसं काढतो, पोळी मोडून खातो की गुंडाळी करून, एवढ्यावरून त्याच्या हातची रेघ कशी येणार हे त्या सांगून टाकत. मी रुजू झालो त्या दिवशी त्यांनी मला एकदा चष्म्याच्या वरून आणि एकदा चष्म्यातून पाहिलं, आणि शेजारच्या देसाईंना, मला ऐकू जाईल अशा बेताने, सांगितलं की हा घाई करणार. माझं लग्न झालेलं होतं, आधी दोन नोकऱ्या करून झाल्या होत्या, आणि पहिल्याच दिवशी कुणी असं तोंडावर बोललेलं मला मुळीच रुचलं नाही. संध्याकाळी माझ्या हातून शाईची बाटली कलंडली. बाईंनी टिपकागद पुढे केला आणि अवाक्षर काढलं नाही. ते जास्त लागलं.

आमचा कारखाना रबाळ्याला होता. पंप बनायचे. सत्तरीचं दशक संपत आलं होतं, ठाणे-बेलापूर रस्त्याच्या दोन्ही अंगांना धुराडी उभी राहिली होती आणि वाशीला आमच्यासारखे नोकरदार नव्या फ्लॅटमध्ये येऊन पाण्याची वाट बघत बसले होते. बाईंचा हुद्दा ट्रेसरचा. आम्ही ड्राफ्ट्समन पेन्सिलीने आकृती काढायचो. तिच्यावर पारदर्शक कागद ताणून बाई ती शाईने पुन्हा उतरवायच्या, आणि त्यांच्या कागदावरून निळ्या प्रती निघून शॉपमध्ये, म्हणजे कारखान्यातल्या यंत्रांपाशी, जायच्या. म्हणजे डोकं आमचं, हात त्यांचा, असं आम्ही समजत होतो. बाईंना ही वाटणी मान्य नव्हती. आकृतीत चूक दिसली की त्या ट्रेसिंग थांबवत, कागद घेऊन थेट आमच्या टेबलाशी येत आणि सगळ्यांदेखत विचारत, "हा बोल्ट आत कुठून घालणार? देव येणार आहे का घालायला?"

मूळच्या सांगलीच्या. ठेंगण्या, चांगल्या भरल्या अंगाच्या, कडक इस्त्रीचं सुती पातळ, तोंडात कायम लवंग. शाई नीट बसावी म्हणून कागदावर टाल्कम पावडर भुरभुरायची त्यांची पद्धत होती, त्यामुळे आमच्या ऑफिसला न्हाऊमाखू घातलेल्या बाळाचा वास येत असे. लग्न केलं नव्हतं. का, हे विचारायची कुणाची छाती नव्हती, पण त्यांनी एकदा आपण होऊन सांगितलं. पाहण्याच्या कार्यक्रमात मुलाने पोहे संपवले आणि म्हणाला, बाकी सगळं पसंत आहे, थोडं बारीक व्हायला हवं. "मी म्हटलं, मग दुसरीकडे बघा की. तुम्हाला बारीक हवंय, आमच्याकडे हेच आहे." हे सांगताना बाई इतक्या हसल्या की लवंग घशात गेली.

बाईंच्या नावाने पुढे ओळखल्या गेलेल्या अक्षरांची सुरुवात एका पाटीवरून झाली. पत्रा दाबून कापणाऱ्या मशिनच्या प्रेस शॉपमध्ये इंग्रजीत मोठी लाल पाटी होती, धोका आहे म्हणून. शॉपमधली माणसं आजूबाजूच्या गावांतली, शिरवण्याची, तुर्भ्याची, घणसोलीची. कालपर्यंत भाताची शेतं आणि मिठागरं केलेली. मराठी वाचता येणारे पुष्कळ होते, इंग्रजी वाचणारे फारसे नव्हते. एकाचं बोट जाता जाता वाचलं तेव्हा मॅनेजरसाहेबांनी मराठी पाट्या करायचा हुकूम सोडला. तुर्भ्याच्या एका पेंटरने करून आणल्या त्या पाट्या म्हणजे लग्नाची पत्रिका होती. प्रत्येक काना खाली जाऊन वळलेला, प्रत्येक वेलांटीला शेपूट, वर सोनेरी सावली. बाईंनी त्या पाहिल्या, पावडरीचा डबा बंद केला आणि सांगितलं की या मी करते.

इंग्रजी अक्षरांसाठी ऑफिसात छिद्रांच्या पट्ट्या होत्या, त्यात पेन फिरवलं की अक्षर तयार. मराठीची पट्टी कुठेच मिळत नव्हती. मग बाईंनी दवाखान्यातून जुने एक्स-रे मिळवले, पाण्यात घासून पुसले आणि ब्लेडने त्यांच्यातून स्वतःची अक्षरं कापली. पेनाचं तोंड गोल, म्हणून रेघेचं टोकही गोल ठेवलं. जाडी सगळीकडे सारखी. कोपरा कुठेच नाही. डोक्यावरची रेघसुद्धा दोन्हीकडून बोटाच्या शेंड्यासारखी गोल. अक्षर असं गुबगुबीत की उचलून कडेवर घ्यावं.

साहेबांना ते बालवाडीतलं वाटलं. ते म्हणाले, एवढं लठ्ठ कशाला, निम्म्या जाडीत याच्या दुप्पट मजकूर बसेल. बाई म्हणाल्या, "साहेब, वाचायला थांबावं लागलं तर ती पाटी नव्हे, ते पत्र झालं." साहेब मराठी घरातले नव्हते, पण हे त्यांना समजलं, कारण त्यांनी त्याच दुपारी पाट्यांवर सही केली. "हात आत नको" अशी ती पहिली पाटी होती. शॉपच्या दुसऱ्या टोकाहून, मशिनच्या धुरातून, ती अगदी स्वच्छ दिसायची.

देसाईंनी त्या वळणाला नाव ठेवलं खांबेटी अक्षर. चिडवायला ठेवलं होतं, बाईंनी ते कौतुक म्हणून घेतलं आणि चिडवणाराचा प्रश्नच मिटवला.

जाड अक्षर काढणं सोपं वाटतं. मी एकदा सुट्टीच्या वेळात 'क्ष' काढायला गेलो आणि डांबराचा गोळा तयार झाला. बाई मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. जाडी बाहेरून वाढवायची नसते, आतली मोकळी जागा आधी ठरवायची आणि मग तिच्याभोवती अक्षर उभं करायचं, हे त्यांनी मला त्या दिवशी शिकवलं. "पोटात हवा पाहिजे," त्या म्हणत. हे त्यांचं वाक्य मग सगळीकडेच चालायचं. नव्या फ्लॅटमध्ये सामान कोंबलेलं दिसलं, घराच्या पोटात हवा नाही. देसाई सकाळपासून रात्रीपर्यंत ओव्हरटाइम करू लागले, त्यांच्या दिवसाच्या पोटात हवा नाही. माझ्या बायकोने पहिल्यांदा इडल्या करून पाठवल्या, त्यावरही हाच शेरा आला. मी तो घरी नेला नाही.

पण या अक्षराची एक खोड होती, आणि ती उघडी पडली अकाउंट्समधल्या लेले यांचे वडील वारले तेव्हा. शोकसभेची सूचना फाटकापाशी लावायची होती, वेळ थोडा होता, बाईंनी ती लिहून दिली. सकाळच्या पाळीची माणसं लांबून पाटी बघून हसतमुखाने फाटकाकडे येऊ लागली. कुणाला वाटलं बोनस जाहीर झाला, कुणाला वाटलं सत्यनारायण आहे. जवळ येऊन वाचलं की चेहरे पडायचे. गोलगरगरीत अक्षरांतलं "दुःखद निधन" मी पहिल्यांदाच पाहत होतो, आणि खरं सांगतो, ते कुठल्याही बाजूने दुःखद वाटत नव्हतं. विसर्गाचे दोन टपोरे ठिपके तर लाडूच दिसत होते.

लेले आले तेव्हा आम्ही पाटीपुढे अंग चोरून उभे होतो. त्यांनी पाटी वाचली, बराच वेळ वाचली आणि म्हणाले, असू दे, बाबांना आवडलं असतं.  पुढे शोकाची सूचना मात्र बाईंनी कधी घेतली नाही. कुणी आणून दिली तर सांगत की माझ्या अक्षराला रडता येत नाही, दुसरं कुणी गाठा. आपल्या वस्तूला काय जमत नाही हे इतक्या सरळपणे सांगणारा माणूस मी नंतर फार कमी वेळा पाहिला.

आता भोईर. जनार्दन भोईर प्रेसवर होता, शिरवण्याचा. ज्याचं बोट वाचलं तो हाच. पाट्या आल्या त्या त्याच्याच बोटापायी, त्यामुळे बाईंवर त्याचा फार जीव, आणि हंगामात कोलंबी आली की पहिली त्यांच्याकडे पोचायची. बाई शाकाहारी. त्या ती घेत, आभार मानत आणि देसाईंच्या हवाली करत. भोईरला हे शेवटपर्यंत कळलं नाही आणि देसाईंनी कळू दिलं नाही.

पुढे काही वर्षांनी एके दिवशी भोईर जेवणाच्या सुट्टीत आमच्या ऑफिसात आला आणि दारातच उभा राहिला. त्याच्या भाचीच्या लग्नात झालं होतं असं. वऱ्हाड पेणकडून टेम्पोतून निघालं, हायवेने आलं आणि गावावरून सरळ पुढे निघून गेलं. पूर्वी खुणा होत्या. मिठागराचा बांध संपला, भाताची खाचरं लागली, की शिरवणं आलं. आता खाचरांवर भराव पडला होता, बांध गेला होता, चहूकडे एकसारख्या इमारती आणि सेक्टरांचे नंबर. गाव होतं तिथेच होतं, पण इमारतींच्या आड. ड्रायव्हर नेरूळ, जुईनगर शोधत फिरत राहिला आणि वऱ्हाड वाशीच्या खाडीपुलाला जाऊन थडकलं.

इकडे मांडवात मुहूर्त टळून गेला. त्या गावांत लग्न लावताना धवले म्हणायची रीत आहे. धवलारीण नावाची जाणती बाई बसते आणि घराण्याची, देवांची, पूर्वजांची नावं घेत गाणी म्हणत एकेक विधी पुढे नेते. त्या दिवशीची धवलारीण चांगुणाबाई. नवरा येईना, तेव्हा मांडव धरून ठेवायला ती गात राहिली. लग्नाची गाणी संपली, मग हळदीची पुन्हा घेतली, मग घरातल्या पाच पिढ्यांची नावं झाली, मग शेजारच्या घरातल्यांची सुरू केली. नवरा आला तेव्हा तिचा आवाज बसला होता.

हे सगळं भोईरने हसत हसत सांगितलं आणि आम्हीही हसलो. मग तो एकदम थांबला आणि बाईंना म्हणाला, "बाय, गाव हाय तितंच हाय. पन दिसत नाय."

मला ते वाक्य तेव्हा फार लागलं नव्हतं. बाईंना लागलं. त्यांनी पेन धुवून ठेवलं आणि पुढे काय करायचं ठरलंय ते विचारलं. गावकऱ्यांनी हायवेवर, गावच्या रस्त्याच्या तोंडाशी, कमान बांधायचं ठरवलं होतं. खांब उभेही राहिले होते. वरचं नाव बाईंनी काढून द्यावं, असं भोईरचं म्हणणं होतं. बाईंनी हो म्हटलं. एवढी वर्षं त्यांचं अक्षर कारखान्याच्या कुंपणाच्या आत राहिलं होतं. ते पहिल्यांदा रस्त्यावर जाणार होतं.

त्याच सुमाराला ऑफिसात नवं यंत्र आलं. आकृती यंत्रानेच रेखून बाहेर पडायची, आणि ट्रेसरचं पद बंद होणार हे उघड झालं. बाईंना दुसऱ्या खात्यात फायली लावायचं काम देऊ केलं होतं. त्यांनी ते नाकारलं आणि सांगलीला भावाकडे जायचं ठरवलं. मला म्हणाल्या, यंत्र चांगलं आहे, मान दुखायची थांबेल. त्यांना वाईट वाटत होतं. त्यांनी ते दाखवलं नाही, पण त्या आठवड्यात पावडर जरा जास्तच उडत होती. मला स्वतःला फार वाईट वाटलं, आणि ते मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, तू आधी हातातली आकृती पूर्ण कर.

तर कमान. एका रविवारी बाईंबरोबर मीही शिरवण्याला गेलो, मापं घ्यायला टेपचं दुसरं टोक धरायला कुणी तरी हवं होतं. मारुतीच्या देवळात बैठक होती. वर पंखा फिरत होता आणि त्याच्या तिन्ही पात्यांवर देणाऱ्याचं नाव रंगवलेलं होतं. भोईरने हळूच सांगितलं की देणारा देवळात आला की पंखा बंद करतात, म्हणजे नाव वाचता येतं, आणि तो गेला की पुन्हा चालू करतात. घंटेवर नाव होतं, पायरीवर होतं, पाण्याच्या पिंपावरही होतं. यात हसण्यासारखं काही नाही. आमच्या वाशीच्या सोसायटीत बाकांवर हेच होतं.

कमानीसाठी अर्ध्या गावाने हात दिला होता. धर्माशेठ पाटलांनी खांबांची जागा दिली होती, कुणी सिमेंट, कुणी लोखंड, कुणी खडी. आणि प्रत्येकाला आपल्या गेलेल्या माणसाचं नाव वर हवं होतं. धर्माशेठ सत्तरीचे, पांढरी टोपी, आवाज खर्जातला. त्यांनी सांगून टाकलं की गावाचं नाव वरच्या अंगाला लहानसं घ्या, खाली मधोमध माझे वडील, आणि मग बाकीचे. बाकीच्यांना "बाकीचे" हा शब्द आवडला नाही. वाद सुरू झाला. कुणाचे वडील कुणाच्या वडिलांच्या खाली, इथपर्यंत गोष्ट आली.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "माझ्याकडे बारीक अक्षर नाही."

 बाईंनी समजावून सांगितलं. हे अक्षर जाड आहे, मोठं असेल तरच उभं राहतं. लहान केलं की पोटं बुजतात आणि नावाच्या जागी गोटे दिसतात. एवढ्या रुंदीत एकच नाव बसेल. त्यावर कुणीतरी म्हणालं की मग तुर्भ्याचा पेंटर आहे की, तो तांदळावर नाव लिहितो. बैठकीतल्या पुष्कळांनी माना डोलावल्या. भोईर खाली बघत होता. मला वाटलं, संपलं. बाई उठल्या आणि म्हणाल्या की पुढच्या रविवारपर्यंत थांबा, तुम्ही सांगितलंत तसंच मी काढून आणते, मग ठरवा.

त्या आठवड्यात त्यांनी घरी जुन्या निळ्या प्रतींच्या पाठी एकमेकींना चिकटवून दोन लांबच लांब कागद तयार केले. रविवारी गावच्या माणसांनी पहिला कागद बांबूला बांधून दोन खांबांच्या मध्ये ताणला. बाईंनी शब्द पाळला होता. वर गावाचं नाव, मधोमध धर्माशेठचे वडील, मग सगळ्यांचे सगळे, एकही गाळलेला नव्हता. कमानीखाली उभं राहून लोकांनी आपापली नावं शोधली आणि मंडळी खूश झाली. मला बाईंचा डाव कळेना.

मग त्या म्हणाल्या, चला, बस जिथून जाते तिथून बघू. अख्खी बैठक हायवे ओलांडून पलीकडे गेली. धोतरं सावरत, ट्रक चुकवत, धर्माशेठना भोईरने हाताला धरून नेलं. पलीकडे जाऊन सगळे वळले आणि कपाळावर हात धरून उभे राहिले.

धर्माशेठ बराच वेळ बघत होते. मग त्यांनी विचारलं, "माज्या बापाचा नाव कंचा?"

बाई म्हणाल्या, दुसऱ्या ओळीत, बरोबर मध्ये.

"आनि गावाचा?"

"सगळ्यात वर."

दोन्ही ठिकाणी कागदावर मुंग्या लागल्यासारखं काहीतरी काळं दिसत होतं. बाईंनी हात वर केला. पलीकडच्या माणसांनी तो कागद सोडला आणि दुसरा ताणला. त्यावर चारच अक्षरं होती. शिरवणे. मी ती अक्षरं आधी पाहिली होती, बाईंच्या टेबलावर, तुकड्या-तुकड्यांत. पण रस्त्यापलीकडून, मधून ट्रक जात असताना, इमारतींच्या रांगेपुढे ते नाव असं ठाण मांडून बसलेलं दिसलं, तेव्हा मी ते नकळत मोठ्याने वाचलं.   पण धर्माशेठचा चेहरा काही उलगडला नव्हता, आणि मला त्यांचं मन कळत होतं. नाव दिसलं होतं, पण त्यात त्यांचे वडील नव्हते.

घोळक्याच्या मागे चांगुणाबाई उभी होती, तीच धवलारीण. तिला वाचता येत नव्हतं. ती पुढे आली आणि धर्माशेठना म्हणाली, "शेट, घरची मानसा घरात बसवा. येशीवर गावालाच उबा करा."

तिचं म्हणणं असं होतं की कमानीला दोन तोंडं आहेत. बाहेरच्या तोंडावर बाहेरच्यांसाठी गावाचं नाव, आणि आतल्या तोंडावर, गावाकडे बघत, सगळ्या गेलेल्यांची नावं. आपण रोज तिथून जाणार, चालत जाणार, आपल्याला बारीकही दिसतील. परका त्यांना वाचून काय करणार आहे? लग्नात घराण्याची नावं घेणारी ती बाई. कुणाचं नाव कुणासमोर घ्यायचं हे तिच्याइतकं गावात कुणाला ठाऊक असणार? धर्माशेठनी टोपी काढून डोकं पुसलं, टोपी पुन्हा घातली आणि म्हणाले की तसंच करा.

बाईंना इतका आनंद झालेला मी पाहिला नव्हता. परत येताना बसमध्ये त्या सारखं म्हणत होत्या, हे मला सुचायला हवं होतं, मी एवढे दिवस एकाच बाजूने बघत होते. आतल्या बाजूची नावं मग तुर्भ्याच्या पेंटरनेच लिहिली, सोनेरी सावलीसकट, आणि ती तिथे खरोखर शोभली.

अक्षरं सिमेंटची ओतली. सुतार साचे करताना गोलाईवर वैतागला होता, पण गवंड्याने सांगितलं की बरं झालं, साचा काढताना कोपरा फुटायची भीती नाही. चार अक्षरं देवळापुढे गोणपाटावर वाळत पडली होती, कमरेएवढी एकेक. वर चढवायच्या दिवशी सकाळी गावच्या बायकांनी चारींना हळदकुंकू वाहिलं. 'णे'च्या मात्रेला कुणीतरी झेंडूचं फूल खोचलं होतं.

दुपारी साखळीने अक्षरं वर जाऊ लागली. बाई कमानीपाशी थांबल्याच नाहीत. छत्री घेऊन त्या हायवे ओलांडून पलीकडच्या बस थांब्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या, अंबाड्यात पेन्सिल खोचलेली, आणि तिथून हाताने सांगू लागल्या. थोडं डावीकडे. वर. आणखी. आता बस. रहदारीत त्यांचा आवाज पोचत नव्हता, तरी गवंड्यांना सगळं कळत होतं. 'शि' आणि 'र' यांच्यामध्ये त्यांना हातभर जागा हवी होती, आणि ती मिळेपर्यंत त्यांनी माणसांना चांगलं घामाघूम केलं. शेवटचं अक्षर बसलं तेव्हा त्यांनी दोन्ही हात डोक्यावर जोडून दाखवले.

इकडे देवळापुढे मांडव होता. शाल आणली होती, नारळ होता, धर्माशेठ भाषणाला उभे राहिले होते आणि भोईरने बाईंना घेऊन यायला मला पिटाळलं. मी रस्त्याच्या कडेला येऊन हात हलवून बोलावू लागलो. त्यांनीही हात हलवला. मला वाटलं, येताहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची सांगलीची गाडी होती आणि घरी बांधाबांध बाकी होती, हे मला माहीत होतं, पण सत्कार सोडून जातील असं वाटलं नव्हतं. तेवढ्यात वाशीकडे जाणारी बस आली, आमच्या मध्ये उभी राहिली, आणि बाई त्यात चढल्या. मागून भोईर धावत आला, तोही थबकला. त्या दिवसानंतर त्या मला पुन्हा भेटल्या नाहीत.

बस हलली. गर्दी बरीच होती. कुणीतरी आधी बोट दाखवलं असेल, कारण एकेक करत आमच्या बाजूच्या खिडक्यांतली सगळी डोकी कमानीकडे वळली. म्हातारी माणसं, डबेवाले नोकरदार, कडेवर मूल घेतलेली एक बाई. ओठ हलताना दिसत होते. भोईरने माझा दंड घट्ट धरला होता. सगळ्या खिडक्यांत चेहरे होते, फक्त एका खिडकीत अंबाडा होता. खांबेटे बाई आमच्याकडे पाठ करून आतल्या माणसांकडे बघत बसल्या होत्या, ती माणसं कमानीवरचं नाव वाचत होती तोवर.